विहीर कुणाची

मी भांडखोर आहे, याबद्दल आमच्या मळ्यात दुमत नव्हतं. वजनात मारणारा व्यापारी असो, रांगेत मधेच घुसणारी बाई असो नाहीतर एसटीचा कंडक्टर, मी कुणालाही सोडायची नाही. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही. मला मात्र त्याचा अभिमान होता. अकरावीत इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचे कापलेले दोन मार्क मी मॅडमशी वीस मिनिटं वाद घालून परत मिळवले, तेव्हा तर मी दिवसभर कॉलेजात मान ताठ करून फिरत होते.

याच मॅडमनी मला दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बोलावलं. मला वाटलं, आता मार्क परत घेतात की काय. त्यांनी बसायला सांगितलं आणि म्हणाल्या की तू भांडतेस चांगली, फक्त तुझा मुद्दा सगळ्यात शेवटी येतो. तो आधी आणायला शिकलीस तर तुझं काहीतरी होईल. मॅडम स्वतः कायद्याची पदवी घेतलेल्या होत्या, पण काळा कोट कधी अंगावर चढला नव्हता. बंगळूरला कायद्याचं एक मोठं कॉलेज आहे, बारावीनंतर पाच वर्षांचं शिक्षण, सगळ्या देशातून मुलं परीक्षेला बसतात आणि मोजकीच घेतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात तोवर अशा परीक्षेला कुणी बसल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. मी मराठी माध्यमातली. तरी मी हो म्हणाले, कारण नाही म्हणायची मला सवयच नव्हती.

आमचा मळा पंचवटीच्या पुढे, मखमलाबादच्या अंगाला. तीन भावांचा. थोरले काका म्हणजे तात्या, त्यांची द्राक्षं. मधल्या काकांचा भाजीपाला. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते सगळ्यात धाकटे आणि फुलांवाले: गुलाब, शेवंती आणि उन्हाळ्यात मोगरा. तिघांत विहीर एकच, तात्यांच्या वाट्याच्या जमिनीत. तिच्या पाण्याची बारी ठरलेली होती. दोन दिवस तात्या, दोन दिवस मधले काका, दोन दिवस अण्णा. मला कळायला लागल्यापासून हे असंच चालू होतं आणि याच्या मागे काही ठरावबिराव असेल, असा विचारही माझ्या मनात कधी आला नव्हता.

घरी परीक्षेचं सांगितलं तेव्हा अण्णांनी एकच विचारलं, तिथं शिकलेल्या माणसाला कोर्टात उभं राहता येतं का? मी हो म्हणाले. मग दे परीक्षा, म्हणाले, पण एकदाच. नाही जमलं तर नाशकातच काय ते शीक. आईने डी.एड.ची सगळी चौकशी आधीच करून ठेवली होती. आमच्या भावकीतली एकही मुलगी तोवर शिकायला नाशिकच्या बाहेर गेलेली नव्हती. म्हणजे माझ्या हातात एकच संधी होती, आणि संध्याकाळपर्यंत ती सगळ्या मळ्याला माहीत झाली, कारण मीच सगळ्यांना सांगत सुटले. तात्या त्या दिवसापासून मला वकिलीणबाई म्हणायला लागले.

दर शनिवारी-रविवारी मी सायकल मारत मॅडमच्या फ्लॅटवर जायची. नाशकात या परीक्षेचा क्लास नव्हता. मॅडम कुठून कुठून जुने पेपर मिळवायच्या, काही प्रश्न स्वतः रचायच्या. इंग्रजी घासूनपुसून येत होतं, सामान्य ज्ञान पाठांतरावर निघत होतं. माझी दांडी गुल व्हायची ती कायद्याच्या प्रश्नांत, आणि अर्धी परीक्षा तीच. त्यात एक नियम दिलेला असायचा, खाली चार ओळींची हकीकत, आणि तो नियम त्या हकीकतीला लावून उत्तर द्यायचं. एवढं साधं. पण मला ते साधत नव्हतं.

एका प्रश्नात एकाची शेळी दुसऱ्याच्या वाफ्यात शिरून भाजी खाते. नियम असा की जनावराने केलेलं नुकसान मालकाने भरून द्यायचं. मी लिहिलं, मालकाने दोन दिवस शेळीचं दूध शेजाऱ्याला द्यावं आणि शेजाऱ्याने आपलं कुंपण नीट करावं. आमच्याकडे ते तसंच मिटलं असतं. दुसऱ्यात कुणीतरी पहाटे फुलं पोचवायचं कबूल करतो आणि पावसामुळे पोचवत नाही. मी समासात लिहिलं, भर पावसात फुलं तोडायला लावणाराच मूर्ख आहे. मॅडमनी त्यावर लाल शाईने लिहिलं, हे तुला कुणी विचारलं? मग त्यांनी मला समोर बसवून बजावलं की नियम दिलेला आहे, हकीकत दिलेली आहे, त्याच्या बाहेरचं काहीही आत आणायचं नाही. तुझा मळा दाराबाहेर ठेवून पेपरला बसायचं.

ते शिकायला मला चार महिने लागले. पण एकदा जमलं तेव्हा असं जमलं की मॅडमच्या तीस प्रश्नांत माझे एक-दोनच चुकायला लागले. मग काय विचारता. मी घरात सगळ्यांचे निवाडे करत सुटले. भाजीत मीठ जास्त झालं तरी मी नियम आणि हकीकत वेगळी काढायची. आई लाटणं दाखवायची. अण्णा ऐकत बसायचे आणि मधूनच मान हलवायचे, त्यांना किती कळत होतं कोण जाणे.

बारावीची परीक्षा संपली. कायद्याची परीक्षा मे महिन्यात होती. एप्रिलमध्ये विहिरीने तळ गाठायला सुरुवात केली. तात्यांच्या द्राक्षांची छाटणी नुकतीच झाली होती, नवी फूट पाणी मागत होती. एका रविवारी सकाळी तात्यांनी दोघा भावांना विहिरीवर बोलावलं. आम्ही पोरंबाळंही जमलो. तात्यांचं म्हणणं असं होतं की पाणी तिघांना पुरत नाही, तर पाऊस पडेपर्यंत फुलांची बारी बंद ठेवावी. द्राक्षाचं वर्ष वाया जातं, फुलांचं काय, महिन्याभराचा सवाल. मधले काका जमिनीकडे बघत राहिले. अण्णा तात्यांपुढे कधी बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं होतं. मोगरा ऐन लग्नसराईत आलाय, एवढंच ते म्हणाले. तेवढ्यात तात्या माझ्याकडे वळले.

"काय वकिलीणबाई, विहीर कुणाची?"

ते थट्टेने विचारत होते. पण मी वर्षभर असलेच प्रश्न सोडवत होते. कुणी विचारलं की उत्तर द्यायचं, आणि बरोबर द्यायचं. मी पटकन म्हणाले, "ज्याच्या जमिनीत त्याची. दुसऱ्याला वापरायची परवानगी दिली असेल, तर मालकाला ती केव्हाही काढून घेता येते."

 तात्यांनाही एवढी अपेक्षा नसावी. मग ते हळूच म्हणाले, "बघा. पोरगीच म्हणती."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, आणि टोपी नीट करून घरी निघाले. पुढच्या बारीला मोटरच्या पेटीला कुलूप होतं. आईचा आवाज सबंध मळ्यात गेला. आपलंच पाणी आपल्याच तोंडानं तोडलं, म्हणाली, आणि हिला वकील करायला निघालेत. त्यानंतर ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मोगऱ्याच्या कळ्या बारीक पडायला लागल्या. अण्णा नळाच्या पाण्याच्या कळश्या भरून एकेका झाडाला घालायचे, आणि मी खोलीत बसून मनाची समजूत घालायची की उत्तर तर बरोबरच होतं.

मॅडमना मी हे सगळं सांगितलं ते थोडं तक्रारीच्या सुरात आणि खरं सांगायचं तर थोडं तोऱ्यातही. स्वतःच्या बापाच्या विरोधात जातं म्हणून मी उत्तर बदललं नाही, यात मला काहीतरी मोठं वाटत होतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"विहीर कुणी खणली?"

मला माहीत नव्हतं.

"परवानगी कुणी दिली? कधी दिली?"

तेही माहीत नव्हतं.

"मग तू उत्तर कशाचं दिलंस?" मॅडम म्हणाल्या. "अगं, पेपरात हकीकत छापून येते. बाहेर ती विचारावी लागते."

मी तशीच उठले. रामवाडीच्या पुलावरून भर उन्हात सायकल हाणत मळ्यात आले. अण्णा मोगऱ्यात होते, कळशी घेऊन. मी धापा टाकत विचारलं, विहीर कुणी खणली. त्यांनी कळशी ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की हे काय विचारतेस.

"आम्हीच. तिघांनी. तुझे आजोबा वर बसून सांगायचे आन आम्ही खाली. मी तवा तुझ्याएवढा आसंल."

मग त्यांनी सांगितलं की खाली काळा पाषाण लागला होता, सुरुंग लावावे लागले, दोन उन्हाळे गेले. आजोबा वारल्यावर वाटणी झाली, ती जमीन तात्यांकडे गेली, विहीर मात्र तिघांत सामाईक ठेवली. तलाठ्याकडे तसं लिहिलेलं आहे. हे सगळं ते इतक्या सहज सांगत होते की मला राग आला. मी ओरडलेच, मग त्या दिवशी बोलला का नाहीत?

"तू म्हणालीस कायदा तसा हाय," अण्णा म्हणाले. "मला वाटलं, खणण्याला कायद्यात किंमत नसंल."

मी तिथेच बांधावर बसले आणि रडले. ज्या माणसाने उमेदीचे दोन उन्हाळे त्या खड्ड्यात घातले, तो माझ्या वर्षभराच्या अभ्यासावर विश्वास ठेवून आपलं पाणी सोडून आला होता. एवढा विश्वास माझ्यावर त्याआधी कुणी ठेवला नव्हता, आणि मी तो न विचारता वापरला होता. अण्णा माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांना समजूत घालता येत नसे. थोड्या वेळाने म्हणाले, ऊन लय हाय, घरात जा.

तलाठी कार्यालयात मी तीन वेळा गेले. पहिल्यांदा तलाठी भाऊसाहेब नव्हते, दुसऱ्यांदा दप्तर सापडत नव्हतं, तिसऱ्यांदा मी सांगितलं की सापडेपर्यंत मी इथेच बसून अभ्यास करते, आणि खरोखरच पुस्तक काढून बसले. तासाभरात सातबाऱ्याची आणि जुन्या फेरफाराची नक्कल हातात आली. इतर हक्कांच्या रकान्यात स्पष्ट लिहिलं होतं, विहीर सामाईक, तिघांचा समान हिस्सा, आणि पुढे तिघांची नावं होती. पुस्तकातला कायदा मला तोवर लांबचा वाटायचा. त्या रकान्यात अण्णांचं नाव वाचताना पहिल्यांदा वाटलं, हे आपलं काम आहे.

परीक्षेला तेव्हा दहा-बारा दिवस राहिले होते. नक्कल अण्णांच्या हातात दिली असती तरी काम झालं असतं. आई, जी आता माझ्याशी बोलायला लागली होती, तेच सांगत होती की कागद बापाकडे दे आणि तू पुस्तक धर. पण मी जे बोलले होते ते सगळ्यांसमोर बोलले होते. मी तात्यांकडे गेले आणि म्हटलं, परत एकदा सगळ्यांना विहिरीवर बोलवा. तात्या हसले, पण त्यांनी बोलावलं.

मी मोठं भाषण पाठ केलं होतं. उभी राहिले तेव्हा त्यातलं काही आठवेना. मॅडमचं बोलणं तेवढं आठवलं, मुद्दा आधी.

"तात्या, मी चुकले," मी म्हणाले. "परवानगीचा नियम खरा आहे, पण तो या विहिरीला लागत नाही. ही विहीर तिघांनी खणली आणि ती तिघांच्या नावावर आहे. मी न विचारता बोलले."

आणि कागद पुढे केला. तात्यांनी चष्मा लावला. त्यातला शब्द न शब्द त्यांना ठाऊक होता, तरी त्यांनी सगळा वाचला.  तात्यांचा राग आम्ही लहानपणापासून बघितलेला होता.

"आगं, मी तर तुला गमतीनं विचारलं होतं," ते म्हणाले.

"पाणी गमतीत नाही तुटलं, तात्या."

मधल्या काकांना ठसका लागला. तात्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली, आणि अण्णांकडे बघून म्हणाले की उद्यापासून बारी धर. मग तिघे भाऊ विहिरीच्या कठड्यावर बसले आणि पाणी कमी आहे ते कसं पुरवायचं ते बोलायला लागले. प्रत्येकाची बारी दोन दिवसांवरून दीड दिवसावर आली, उरलेला दीड दिवस विहीर भरायला सोडायची ठरली. सगळ्यांचंच थोडं थोडं सुकलं, मेलं कुणाचंच नाही.

परीक्षेचं केंद्र पुण्यात होतं. पहाटेच्या एसटीने मी आणि अण्णा निघालो. अण्णांनी ओल्या फडक्यात गुंडाळून गुलाब आणि मोगऱ्याच्या कळ्या घेतल्या होत्या. एवढ्या लांब जायचं आणि रिकाम्या हाताने, हे त्यांना पटत नव्हतं. केंद्राबाहेर गाड्यांतून मुलं उतरत होती, आयांशी इंग्रजीत बोलत होती. मी आत गेल्यावर अण्णांनी बाहेर झाडाखाली बसलेल्या सगळ्या आयांना एकेक गुलाब वाटला, हे मला नंतर कळलं. सुटल्यावर बाहेर आले तर आठ-दहा बायका गुलाब माळून अण्णांकडून खताची माहिती घेत होत्या.

पेपर अवघड होता. इंग्रजीत दोन उतारे मला नीट कळलेच नाहीत. सामान्य ज्ञानात तर मी काही ठिकाणी देवाचं नाव घेऊन खूण केली. कायद्याचे प्रश्न मात्र मी शांतपणे सोडवले. नियम वाचला, हकीकत वाचली, मळा दाराबाहेर ठेवला. त्यात परवानगीचाही एक प्रश्न निघाला, कुणी मित्राला अंगणात गाडी लावू देतो आणि मग नको म्हणतो. मी योग्य त्या चौकोनात खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

शेवटी निबंध होता. दिलेल्या विषयांतला एक, कायदा जाणणाऱ्याला आणखी काय जाणावं लागतं, अशा अर्थाचा होता. तिथे मळा दाराबाहेर ठेवायची अट नव्हती. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं की मी एकदा माझ्या वडिलांच्या विरुद्ध चुकीचा निकाल दिला, कारण मला नियम पाठ होता आणि विहीर कुणी खणली हे मी विचारलं नव्हतं. व्याकरणाच्या चुका मला लिहितानाच दिसत होत्या. थांबले मात्र नाही. घंटा झाली तेव्हा शेवटचं वाक्य पुरं झालं होतं, आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आपण काही चोरून आलेलो नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

जूनमध्ये पत्र आलं. मी यादीत होते, खालच्या बाजूला होते, पण होते. अण्णांनी मला ते पूर्ण इंग्रजीत मोठ्याने वाचायला लावलं आणि एक शब्दही न कळता पूर्ण ऐकलं. आईने तात्यांच्या घरी स्वतः साखर नेऊन दिली. मॅडमनी फोनवर फक्त बरं झालं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मला फुलांच्या पाट्यांबरोबर पंचवटीतल्या बाजारात घेऊन गेले. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. गोदावरीच्या काठच्या त्या बाजारात ते वीस वर्षं फुलं घालत होते, पण तिथे त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. एका व्यापाऱ्याने पेढा तोंडात टाकून म्हटलं, पोरगी भलतीच हुशार निघाली. मी शेवंतीच्या पाट्या लावत होते. आता अण्णा परीक्षेचं सांगतील, किंवा फार तर तलाठ्याकडून कागद कसा काढला ते सांगतील, असं मला वाटलं. विहिरीवरचं ते पहिलं बोलणं आमच्या घरात कुणी काढत नसे. मला त्याची मरणाची लाज वाटायची.

"हुशार लय असत्यात," अण्णा म्हणाले. "ही सगळ्या भावकीपुढं माझ्या विरोधात बोलली. बाप हाय म्हणून गप नाय बसली, तिला तेच खरं वाटलं म्हणून. आन चुकलं कळल्यावर त्याच भावकीपुढं हुभी राहून चुकलं म्हणाली. माझ्याच्यानं दोन्हीतलं एकबी झालं नसतं."

माझ्या हातातली पाटी हातातच राहिली. व्यापाऱ्याने माझ्याकडे बघून हात जोडल्यासारखं केलं आणि मला कुठे बघावं कळेना. अण्णा पुडा घेऊन शेजारच्या गाळ्यावर गेले आणि तिथे त्यांनी तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.